मगदूमांची बिनछपराची गाडी

मगदूमभाऊजींनी आयुष्यात कशालाही छान म्हटलं नाही. त्यांच्या मोजपट्टीवर तीनच खुणा होत्या: 'न्हाई', 'बगू' आणि 'चालंल'. 'चालंल' ही सगळ्यात वरची. माझ्या पुरणपोळीला ती मिळायला नऊ वर्षं लागली. त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली इंजिनिअर झाली आणि ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात लागली, तेव्हा त्यांनी तिचं नेमणुकीचं पत्र वाचलं, घडी घालून परत पाकिटात ठेवलं आणि म्हणाले, "चालंल." त्यांच्या बायकोने, शालनने, संध्याकाळपर्यंत दूध पावडरचे पेढे वळून रस्ताभर वाटले. नवरा आनंदाने वेडा झालाय हे तिला एकटीला कळलं होतं.

गेल्या हिवाळ्यात ते ब्रिस्टललाच गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता. हेही त्यांनी 'चालंल'मध्येच धरलं असतं.

मी आता त्र्याहत्तर वर्षांची आहे आणि माझं म्हणणं आहे की माणसाला अक्कल साठीनंतर येते. ज्या दिवसांबद्दल सांगते आहे ते सुरू झाले तेव्हा मी अठ्ठावन्नची होते. म्हणजे तरुण आणि मूर्ख. लंडनजवळच्या स्लाऊमध्ये आमची आणि मगदूमांची घरं एका भिंतीने चिकटलेली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं गॅरेज दिसायचं. मी पुण्याची, मराठीची एम.ए., महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक. आमचे हे अकाउंट्समध्ये, टाय लावून जाणारे. मगदूम कोल्हापूरच्या उद्यमनगरातले, ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये. त्यांच्या नखांत काळं असायचं. एवढ्या माहितीवर मी त्या माणसाचं पूर्ण मूल्यमापन करून टाकलं होतं. शालन कोल्हापूरकडच्या बायकांसारखी 'मी जातो, मी येतो' म्हणायची. मी तिला दोनदा सुधारलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बरं, मग तुमी जावा," आणि दार लावून घेतलं.

मगदूम रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या दारात एक ट्रेलर आला. वर गंजलेला पत्रा होता. दरवाजासारखं काहीतरी, पाठीसारखं काहीतरी, मध्ये भरपूर हवा.

"हे काय गं?" मी कुंपणावरून विचारलं.

"मोटार हाय म्हणत्यात," शालन म्हणाली.

"कुठे आहे?"

"ही न्हवं का ही. ऱ्हायलेली ह्यांच्या डोस्क्यात हाय."

तर ही हॉट रॉड. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि मला तो असभ्य वाटला. भाऊजींनी मला समजावलं ते असं: अमेरिकेत लई वर्षांमागं पोरं भंगारातली जुनी मोटार घ्यायची. छप्पर काढायची, मडगार्ड काढायची, बॉनेट काढायची, नको ते सगळं काढायची. मग तिच्यात झेपणार नाही एवढं मोठं इंजिन घालायची आणि पळवायची. छप्पर नसलेली ती रोडस्टर. त्यांच्या वडिलांच्या लेथवर एकदा बेअरिंगं आली होती, ती अमेरिकन मासिकाच्या पानात गुंडाळलेली. त्या पानावर ती गाडी होती. मगदूम तेव्हा चौथीत होते. पान वडिलांनी हात पुसून फेकून दिलं.

"आणि ती तुम्ही स्लाऊमध्ये करणार? बिनछपराची? इथे?" मी आभाळाकडे बोट दाखवलं. आभाळ गळतच होतं.

"छत्री धरंल की शालन," ते म्हणाले.

बेत एवढाच होता. बाथ रोड आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तो जुना रस्ता पकडला, मोटरवेच्या वाटेला गेलं नाही, की माणूस सरळ ब्रिस्टलला पोचतो. "वैशालीच्या दारात जायचं. हॉर्न वाजवायचा. ती भाईर येणार. बास." याच्यापुढे त्यांच्याकडे काही योजना नव्हती. प्रदर्शन नाही, शर्यत नाही. एक हॉर्न. त्याला अकरा वर्षं लागली.

सुरुवातीची काही वर्षं म्हणजे ग्राइंडर. रोज सकाळी दहा ते एक, दुपारी तीन ते सहा, बँकेच्या शिस्तीने. मी त्या सुमारास दिवाळी अंकासाठी 'परदेशातील मराठी मन आणि शांततेचा शोध' असा लेख लिहीत होते. शांततेच्या तिसऱ्या परिच्छेदाला माझी सहनशक्ती संपली आणि मी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, पत्र लिहिलं. सही केली नाही. 'एक चिंतित रहिवासी' असं घातलं. त्या पत्रात आवाजासाठी मी सहा वेगवेगळे इंग्रजी शब्द वापरले होते. अर्धविराम तीन होते. मला ते पत्र फार आवडलं होतं. मी त्याची एक प्रत स्वतःसाठी ठेवली.

पंधरा दिवसांनी कौन्सिलचा माणूस आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला. मी जाळीच्या पडद्याआडून पाहत होते. पहिली दहा मिनिटं त्याने यंत्र धरलं. मग शालनने चहा दिला. अर्ध्या तासाने त्याने कोट काढला होता, बाह्या वर केल्या होत्या आणि गाडीच्या सांगाड्याचं एक टोक धरून उभा होता. दुसऱ्या टोकाला मगदूम. जाताना तो हात पुसत गेला. पण सरकारी काम ते सरकारी काम. लेखी उत्तर द्या म्हणून कागद आलाच.

तो घेऊन भाऊजी माझ्या दारात आले.

"वैनी, कौन्सिलला उत्तर द्यायचं हाय. तुमचं इंग्रजी चांगलं. जरा लिवून देता?"

"कसली तक्रार आहे?" मी विचारलं. त्या वेळी माझा चेहरा कसा दिसत होता हे सांगायला आता कुणी उरलं नाही, ते बरंच आहे.

"आवाजाची." त्यांनी मला माझंच पत्र दिलं. "वाचा. लई भारी लिवलंय."

मी चष्मा लावून माझं पत्र वाचलं. मग टेबलाशी बसून त्याला उत्तर लिहिलं. माझे सहाच्या सहा शब्द मी एकेक करून खोडून काढले. रबरी पट्ट्या बसवू, गॅरेजचं दार बंद ठेवू, ग्राइंडर फक्त अकरा ते एक चालवू, असं भाऊजी सांगतील तसं घातलं. तक्रारदाराची भाषा अतिरंजित आहे, असं मात्र मी माझ्या मनाचं घातलं. कौन्सिलला पटलं. प्रकरण बंद झालं.

त्यांनी ते उत्तर माझ्याकडून मराठीत समजून घेतलं. म्हणाले, "चालंल." दारापर्यंत गेले आणि वळले.

"अकरा ते एक जमंल न्हवं तुमास्नी? तुमी लिवायला दुपारी बसता, म्हणून तसं सांगितलं."

त्यानंतर मी पडदा उघडाच ठेवायला लागले. बंद ठेवण्यात काही अर्थ उरला नव्हता. आणि या विषयावर ते पुढे कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यांच्या सवयी तेव्हापासून मी जवळून पाहिल्या. ते हत्यार उसनं देत नसत. स्क्रू ड्रायव्हर मागितला तर म्हणत, "हत्यार न्हाई, मी येतो." मग ते यायचे आणि एक स्क्रू पिळायला आलेला माणूस नळ, दाराची कडी आणि आमच्या ह्यांच्या खुर्चीचा पाय दुरुस्त करून जायचा. घरात ते चहा कपाने पीत, गॅरेजमध्ये बशीने. का, ते विचारलं तर म्हणाले, "हितं माझं घर हाय." दसऱ्याला गॅरेजमध्ये चपला बंद. सगळी हत्यारं धुऊन, पुसून, तेल लावून पाटावर. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, साखर. पण गाडीला काही नाही, तिच्याकडे त्या दिवशी बघायचेसुद्धा नाहीत.

"गाडीला पण दोन फुलं वाहा की," मी एकदा म्हणाले.

"पूजा हत्याराची. कामाची न्हाई," ते म्हणाले. "काम पास झाल्याबिगर नारळ न्हाई."

गाडी जुन्या पद्धतीची, म्हणजे जुन्या पद्धतीची. नवा भाग चालायचा नाही. वैशाली एका वीकेंडला आली आणि म्हणाली, "आप्पा, तो ब्रॅकेट मी मशीनवर करून देते. वीस मिनिट लागतो." तिचं मराठी इथल्या शाळेत वाढलेलं, त्यात पुल्लिंग-स्त्रीलिंगाची फार चौकशी नसते. आप्पा म्हणाले, "बगू." आणि तो लोखंडी तुकडा त्यांनी चार महिने कानशीने घासला. वैशाली तो कामावर घेऊन गेली, विमानाचे भाग मोजतात त्या यंत्राखाली ठेवला आणि फोन केला. "आप्पा, परफेक्ट आहे. मी दोनदा चेक केली." आप्पांनी फोन शालनला दिला आणि बाहेर गेले. गॅरेजमध्ये जाऊन बशीने चहा प्यायले. मला खिडकीतून दिसलं.

नवव्या वर्षी एका सकाळी त्यांनी मला हाक मारली.

"वैनी, हे जरा वाचा. चष्मा कुठं ठेवलाय कुणास ठाऊक."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

हातात व्हर्निअर होतं, म्हणजे जाडी मोजायची ती सरकती पट्टी, तिच्यावर केसाएवढ्या रेघा. मला ते वाचता येईना. त्यांनी शिकवलं. कुठली रेघ कुठल्या रेघेशी जुळते ते बघायचं, मनाने जुळवायची नाही. "अंदाज सांगू नका. दिसतंय ते सांगा." दुसऱ्या दिवशी पुन्हा चष्मा हरवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी चष्म्याचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही. अकरा वाजले की मी मागच्या दाराने जायचे, स्टुलावर बसायचे आणि आकडे वाचायचे. मराठीची एम.ए. साठी ओलांडून गेल्यावर मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचायला लागली. मी हे मंडळात कुणाला सांगितलं नाही. तेवढी मी अजून सुधारले नव्हते.

मग लक्षात आलं की ते बोलताना माझ्या कानाकडे बघतात.

"मधलं जातंय," ते एकदा कानशीवरून बोट फिरवत म्हणाले. "कडंचं दिसतंय. डॉक्टर म्हणतोय हळूहळू जाईल. किती हळू ते त्यालाबी ठाऊक न्हाई."

"शालनला सांगितलंत?"

"गाडी झाल्यावर."

"वैशालीला?"

"ती लायसन काढून घेईल. बापाला बी सोडायची न्हाई ती, माझीच हाय." मग कानस खाली ठेवून, "डोळं आदी जात्यात का गाडी आदी हुतीया, एवढंच बघायचं."

इथला नियम असा आहे की वीस मीटरवरून पुढच्या गाडीची नंबर प्लेट वाचता आली पाहिजे. नाही आली तर गाडी चालवायची नाही. हे तुम्ही स्वतःच तपासायचं आणि स्वतःच सांगायचं. खोटं बोलायला एवढी मोकळी जागा मी दुसऱ्या कुठल्याही कायद्यात पाहिली नाही. भाऊजींनी टेप धरून वीस मीटर मोजले. ते आमच्या फाटकापासून समोरच्या घरापुढच्या हिरव्या गाडीपर्यंत भरले. रोज सकाळी ते फाटकाशी उभे राहून, मान किंचित तिरकी करून तो नंबर वाचायचे. मी शेजारी उभी राहून ताडून बघायचे.

"बरोबर?"

"बरोबर."

मग कामाला.

अकराव्या वर्षाच्या उन्हाळ्यात गाडी उभी राहिली. मी तिला सुंदर म्हणणार नाही, कारण मला तशा गाड्या कळत नाहीत. पण ती उभी असतानाही निघाल्यासारखी दिसायची. काळी, बुटकी, पुढची चाकं उघडी, आणि बॉनेट नसल्यामुळे इंजिन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. त्या इंजिनावर एका ओळीत तीन कार्बोरेटर, आभाळाकडे तोंड करून. त्यातून इंजिन श्वास घेतं, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.

घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारी तपासणी पास व्हावी लागते. तारीख मिळाली. सकाळी ट्रेलरवर चढवून न्यायची ठरली. आदल्या दिवशी दुपारी भाऊजी ट्रेलर आणायला गेले, आणि मी शालनला म्हणाले, "अकरा वर्षांचं काम, आणि तशीच पाठवायची? बोडकी?"

शालन म्हणाली, "ते रागावतील."

"त्यांना कळणार कसं?" मी म्हणाले. मी तेव्हा एकोणसत्तरची होते, तरीही हे वाक्य मी म्हणाले.

ताट माझं, मंत्र माझे. शालन मागे हात जोडून उभी. गाडीला पाच बोटं कुंकू लावलं आणि ते पुसूनही घेतलं, पुरावा नको म्हणून. मग अक्षता. त्या तीन कार्बोरेटरांच्या तोंडांत भाऊजींनी कापडाचे बोळे कोंबून ठेवले होते. देवापुढे फडकं बरं दिसत नाही, म्हणून मी ते काढले. खाली तीन चकचकीत वाट्या निघाल्या. इतक्या नीटस की जणू त्यासाठीच ठेवल्यात. मी प्रत्येकीत चिमूट चिमूट अक्षता वाहिल्या. आणि बोळे पुन्हा कोंबून ठेवले, आधीपेक्षा घट्ट.

दोन वर्षं व्हर्निअर वाचून मी स्वतःला अर्धी इंजिनिअर समजत होते. अक्षता उरलेल्या अर्ध्या भागाने टाकल्या.

तपासणीच्या ठिकाणी गाडी सुरू झाली. तपासनीसाने वेग वाढवायला सांगितला, तो वाढला. कमी करायला सांगितला, तो होईना. इंजिन ओरडत राहिलं. तपासनीस दोन पावलं मागे सरकला आणि त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. भाऊजींनी किल्ली फिरवून बंद केलं. नापास. पुढची तारीख अडीच महिन्यांनी.

दुसऱ्या दिवशी अकराला मी गेले नाही. साडेअकराला तेच आमच्या मागच्या दारात आले. हातात वाटी होती. वाटीत सतरा दाणे होते, पेट्रोलमध्ये भिजलेले, कडेने अजून लाल.

"वैनी, ह्यो तांदूळ कंचा?"

मी पाहिलं. "इंद्रायणी," मी म्हणाले. "लेस्टरहून आणलेला."

"तरीच. आखूड दाणा, आत झडपेत जाऊन बसला. बासमती असता तर आडवा बसून वरच ऱ्हायला असता."

"शालनही होती," मी म्हणाले. हे मी का म्हणाले ते मला आजही सांगता येत नाही.

"ती मागं उभी असंल. मंत्र कोण म्हणत हुतं?"

मी ओटा पुसायला घेतला.

"तिला सांगू नका. मी तिला म्हटलंय, आत कायतरी अडकलं. खोटं न्हाई. अडकलंच हुतं. काय अडकलं ते तिनं इचारलं न्हाई." त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली. "उद्या अकराला या. तिन्ही खोलायला लागतील. मापं लई हायत."

ते रागावले असते तर मी रडले असते आणि हलकी झाले असते. त्यांनी मला काम दिलं. ते अडीच महिने मी एकही दिवस चुकवला नाही. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, नंबर ताडायचा, मग आत. जुलै गेला, ऑगस्ट गेला. नंबर वाचायला त्यांना जास्त वेळ लागायला लागला. मान आणखी तिरकी व्हायला लागली. मी दिवस मोजत होते, आणि तेही मोजत होते, आणि दोघंही हवापाण्याबद्दल बोलत होतो.

सप्टेंबरातली गोष्ट. सकाळी ते फाटकाशी आले, समोर पाहिलं आणि नंबर म्हणून दाखवला. खणखणीत, एका दमात, बऱ्याच दिवसांत म्हटला नव्हता असा.

"बरोबर?"

समोर हिरवी गाडी नव्हती. शेजाऱ्याने ती आदल्या संध्याकाळी बदलली होती. तिथे एक पांढरी उभी होती, नवी, वेगळ्या नंबराची.

आता इथे मला 'बरोबर' म्हणता आलं असतं. तपासणी बारा दिवसांवर होती. बाथ रोड तिथेच होता. एक शब्द टाकला असता तर माझे सतरा दाणे फिटले असते, निदान माझ्यापुरते. तो शब्द माझ्या तोंडात आला होता. पण दोन वर्षं ज्या माणसाने मला दिसतंय ते सांगायला शिकवलं होतं, त्याच्या शेजारी मी उभी होते. आणि त्या रस्त्यावरून सकाळी शाळेची पोरं जातात.

"भाऊजी, त्यांनी गाडी बदलली," मी म्हणाले.

ते हलले नाहीत. "कवा?"

"काल संध्याकाळी."

"रंग?"

"पांढरा."

"पांढरी व्हय," ते म्हणाले. "म्हंजी मी पाठ म्हणतोय. कवापासनं, कुणास ठाऊक."

त्या दिवशी आम्ही काही मोजलं नाही. त्यांनी शालनला आत बोलावलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. भिंत एकच, पण मी आमच्या घरात रेडिओ लावून बसले. संध्याकाळी ते लायसन्स घेऊन आले. ते स्वान्सीच्या लायसन्स कचेरीला परत पाठवायचं होतं, सोबत दोन ओळींचं पत्र. मी विशेषणं न वापरता लिहिलं.

"भाऊजी," मी पाकीट चिकटवताना म्हणाले, "ते तांदूळ नसते तर तुम्ही जुलैतच गेला असता. तेव्हा दिसत होतं तुम्हाला."

"व्हय. गेलो असतो." त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. "पयला सांगाडा मी वाकडा जोडला हुता. एका बाजूला बोटभर फरक. तो कापून परत करण्यात दोन वर्षं गेली. शालनला वाटतंय सामान आलं न्हवतं." पाकीट खिशात घातलं. "तुमचे अडीच महिने. माझी दोन वर्षं. आता कुणाला काय बोलायचं."

तपासणीला गाडी पास झाली. तपासनीस म्हणाला की हाताने केलेलं एवढं सफाईदार काम त्याने पाहिलं नव्हतं. हे वैशालीने मराठीत सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "चालंल म्हणतोय व्हय." नारळ फोडला, तो त्यांनीच, रस्त्याच्या कडेला, गाडीपासून चांगला दहा फूट लांब. मला ताटाला हात लावू दिला नाही.

वैशालीने आई-बापांना ब्रिस्टलला न्यायचं ठरवलं. घर विकलं गेलं. निघायच्या सकाळी शालन सामानाच्या व्हॅनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून पुढे गेली, मांडीवर देव आणि डब्यात पिठलं-भाकरी. रोडस्टरमध्ये जागा दोघांचीच. गॅरेज रिकामं, भिंतीवर हत्यारांच्या आकृत्या तेवढ्या राहिलेल्या. मी आणि आमचे हे फाटकाशी.

वैशाली किल्लीसाठी हात पुढे करून उभी होती. आप्पांनी किल्ली दिली नाही.

"आप्पा, लायसन नाही आता," ती हळूच म्हणाली.

"रस्त्यावर लागतंय लायसन. ही माझी जागा हाय."

आणि ते चालकाच्या जागेवर बसले. इंजिन सुरू झालं तेव्हा आमच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. कौन्सिलला याच्यासाठी सहा शब्द पुरले नसते. गॅरेजच्या दारापासून फुटपाथपर्यंत बावीस फूट आहेत. मीच मोजून दिले होते, कधीतरी. ते बावीस फूट मगदूमांनी त्या गाडीतून चालवले. चालण्यापेक्षा हळू, दोन्ही हात व्हीलवर, पाठ ताठ, मान जराशी तिरकी. आमचे हे म्हणाले, "हे काय ड्रायव्हिंग?" मी त्यांना गप्प बसा म्हणाले. पुढचं चाक, जिथे त्यांची फरशी संपते आणि कौन्सिलचं डांबर सुरू होतं, त्या रेघेवर येऊन थांबलं. रेघेच्या अलीकडे. व्हर्निअर लावून बघितलं असतं तर किती अलीकडे ते मी सांगू शकले असते.

तिथे ते थोडा वेळ तसेच बसले. इंजिन चालू होतं.

मग उतरले. गाडीच्या अंगावरून हात फिरवत, पुढून वळसा घालून, पलीकडच्या जागेवर जाऊन बसले. वैशालीने व्हील धरलं. माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे बघून त्यांनी मान हलवली. एवढाच निरोप.

गाडी आमच्या रस्त्याने बाथ रोडकडे गेली. छप्पर नसल्यामुळे मला दोघांची डोकी शेवटपर्यंत दिसत होती. वैशालीचं रस्त्याकडे. त्यांचं रस्त्याकडे नव्हतं, ते खाली इंजिनाकडे झुकलेलं होतं, ऐकत. डावा हात वर आलेला, तळवा खाली, हवेला दाबत: हळू, हळू. कोपऱ्यावर ती थांबली, डावीकडे वळली. तरी तो हात दाबतच होता. मग पुढचा रस्ता मोकळा मिळाला असावा, कारण तो तळवा उलटा झाला आणि बोटं वर उचलली गेली, एकदा, दोनदा, आणि गाडीने आवाज बदलला.